जनरलची दुडकी

साल अठराशे चौसष्ट. त्या उन्हाळ्यात टॉल्कट गावात दोन गोष्टींची कधी टंचाई पडली नाही. एक पितळी बटणं आणि दुसरी जनरल लेमुएल पेनिमनच्या शौर्याची हकिगत. दोन्ही माल एकाच घराचा. बटणं नदीकाठच्या 'पेनिमन आणि पुत्र' कारखान्यात पडत आणि हकिगत लेमच्या थोरल्या भावाच्या, एलिहूच्या तोंडात.

लेमला व्हर्जिनियातल्या यादवी युद्धातून घरी आणलं तेव्हा गोळी अजून त्याच्या उजव्या मांडीतच होती. गुडघ्याच्या वीतभर वर, बाहेरच्या अंगाला एक भोक होतं. तिथून ती आत शिरली होती आणि बाहेर कुठूनच पडली नव्हती. रणांगणावरच्या सर्जनांनी आळीपाळीनं त्या भोकात बोटं घालून पाहिली होती, त्यातल्या एकानं तर तोंडातला सिगारही न काढता. मग त्यांनी मॉर्फिनची पूड देऊन जनरलना घरी पाठवलं. घरचं खाऊन गोळी विरघळेल असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे.

आणायला गेली होती ती त्याची बायको ड्रुसिला. तंबूंच्या त्या इस्पितळात ती बिस्किटांच्या खोक्यावर झोपली, जखमी पोरांना पाणी पाजलं, त्यांच्या शिव्या ऐकल्या. शेवटी शेवटी त्यांतल्या बऱ्याच तिला समजायलाही लागल्या. सासरी यातलं तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

लेमची खाट दिवाणखान्यात लावली होती. पेनिमनांचा दिवाणखाना एरवी पाद्री आला किंवा कुणी मेलं तरच उघडत, त्यामुळे या खेपेला दोन्हींची तयारी आधीच करून ठेवल्यासारखं दिसत होतं. खिडकीशी एलिहूची बायको ऑरेलिया जुन्या लिननच्या चादरी सुरीनं खरवडून जखमेत भरायचा मऊ कापूस काढत बसे. तिनं इतका कापूस काढला होता की एक अख्खी पलटण त्यात गुंडाळता आली असती. कोपऱ्यातल्या सरळ पाठीच्या खुर्चीत दोघा भावांची आई, मदर पेनिमन, मोजे विणत असत. त्या बोलत फार कमी, आणि खोटं तर जन्मात बोलल्या नव्हत्या. त्यामुळे घरात त्यांची सगळ्यांना भीती होती.

ताप चढला की लेम बरळायचा. एका सकाळी ड्रुसिला त्याला चमच्यानं मांसाचं सार भरवत होती, तेव्हा तो एकदम ओरडला, "दुडकी! अरे देवा, दुडकी!"

एलिहू दारातून धावत आला. "ऐकलंत? ऐकलंत? शुद्ध नाही, तरी हुकूम सोडतोय! दुडक्या चालीनं पुढे! अंगावर काटा आला माझ्या."

"माझ्यापण," ऑरेलिया म्हणाली आणि पुरावा म्हणून तिनं दंड पुढे केला.

ड्रुसिलाचा चमचा मात्र वाटीतच थांबला. हा शब्द तिनं तंबूंमध्ये पुष्कळ ऐकला होता. पायदळाच्या झपाट्याच्या चालीला दुडकी म्हणतात हे खरं, पण शिपाई दुडकी म्हणत ते हगवणीला. 'बाई, त्याला दुडकी लागलीय, जवळ जाऊ नका,' असं ती रोज ऐकत होती. पण तो विषय सासूबाईंपुढे काढण्याजोगा नव्हता. शिवाय जनरललाही दुडकी लागू शकते, हे तिच्या मनातच आलं नाही. खांद्यावर जनरलचा तारा लावलेल्या माणसाचं पोट वेगळं असतं असं तिलाही थोडंफार वाटत असावं.

त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं: 'मृत्युशय्येवरूनही हुकूम, दुडकी!' कारखान्याच्या बँडनं 'जनरल पेनिमनची दुडकी' नावाची धून बसवली. ऑरेलियानं उशीच्या अभ्र्यावर तोच शब्द निळ्या रेशमानं भरायला घेतलं. पक्षाची माणसं गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी उमेदवार शोधत होती, आणि त्यांनी जनरलना पाहायला येण्याचा दिवस एलिहूनं ठरवूनही टाकला होता.

ड्रुसिलाला गव्हर्नर नको होता. रोज पट्टी सोडताना मांडीवरची लाली वर चढलेली तिला दिसत होती.

तिनं हार्टफर्डहून डॉक्टर ट्विचेल यांना बोलावलं. डॉक्टर किडकिडीत होते, स्वभाव कडवट होता, आणि त्यांच्याकडे टोकाला पांढरी चिनीमाती बसवलेली एक लांब सळी होती. ती शिशाला लागली की टोकावर काळा ओरखडा उठतो, म्हणजे हाड कुठलं आणि गोळी कुठली ते कळतं.

"मांडीचे स्नायू पडद्यांसारखे असतात," डॉक्टर म्हणाले. "माणूस हलला की सरकतात आणि गोळीची वाट बुजते. गोळी लागली त्या क्षणी माणूस जसा होता तसाच त्याला धरला, तर वाट पुन्हा उघडते. तेव्हा मला सांगा, जनरल नेमके कसे होते?"

"रिकिबीत उभे!" एलिहू म्हणाला. "तलवार वर, छाती पुढे, तोंड शत्रूकडे!"

"मी जनरलना विचारलं."

लेमनं छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं. "एलिहू म्हणतो तसंच," तो पुटपुटला.

मग सुताराचा लाकडी घोडा दिवाणखान्यात आला, त्यावर खोगीर चढलं आणि खोगिरावर, सगळ्यांनी मिळून उचलून, जनरल. अंगात गुडघ्यांपर्यंतचा सदरा, खाली उघड्या काटकुळ्या पोटऱ्या. एलिहूनं त्याच्या हातात तलवार दिली.

"तलवार कशाला?" मदर पेनिमन म्हणाल्या. "गोळी हाताला लागलीय का?"

"आई, डॉक्टर म्हणाले ना, होतं तसंच हवं!"

तलवारीचं टोक दिव्याच्या झालरीत अडकलं. डॉक्टरांनी सळी घातली. ती बोटभर आत गेली आणि अडली. डावीकडे अडली, उजवीकडेही अडली. लेमच्या ओठांतून आवाज आला नाही, पण त्याचा चेहरा मेणासारखा झाला आणि तो खोगिरावरून सरळ ऑरेलियाच्या कापसाच्या ढिगात कोसळला. त्या कापसाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच.

डॉक्टरांनी सळी पुसली. "या वाटेवर गोळी नाही. उद्यापर्यंत सापडली नाही तर पाय काढावा लागेल. कमरेपासून."

"कमरेपासून काढलेले किती जगतात?" मदर पेनिमननी विचारलं.

"मॅडम, मोजायला फार वेळ लागत नाही."

जेवणाच्या टेबलावर कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. एलिहूच्या मात्र उतरत होता. त्यानं शिजवलेल्या घेवड्यावर आणखी काकवी ओतून घेतली.

"मी काय म्हणतो, वाईटातून चांगलंही निघतं. दोन पायांचे जनरल या देशात ढिगानं आहेत. एका पायाच्या माणसाला मत नाकारायला मात्र काळीज लागतं."

"मी कुबडीची चौकशी करून ठेवलीय," ऑरेलिया म्हणाली. "मुठीवर गरुड कोरलेली. अक्रोडाच्या लाकडाची. पाइन अगदीच हलकं दिसतं."

"आणि लेम मेला तर?" ड्रुसिलानं विचारलं.

एलिहूनं नजर खाली घातली. ती त्याला छान जमायची, प्रार्थनेच्या वेळी सगळं गाव ती पाहायचं. "तर हे गाव त्याचा पुतळा उभारेल, ड्रुसिला. ब्रॉन्झचा."

"मग रात्री मी पुतळ्याशेजारी झोपू का?"

ऑरेलियाच्या हातून काटा पडला. पेनिमनांच्या टेबलावर झोपणं हा शब्द फक्त मेलेल्यांसाठी वापरत. सगळ्यांनी मदर पेनिमनकडे पाहिलं.

"एलिहूला आणखी घेवडा द्या," त्या म्हणाल्या. "तोंड भरलेलं असलं की तो जरा बरा वाटतो."

ड्रुसिला उठली. आजवर सासू थोरल्याची बाजू घेत आली होती, तिचं घर, तिचा कारखाना, तिचा मुलगा. आज पहिल्यांदाच तिला शंका आली की म्हातारी कुणाच्याच बाजूची नसून नुसती वाट बघत बसली आहे.

तिनं दिवाणखान्याचं दार आतून लावलं. लेम जागा होता. बाहेरच्या जगात ती त्याला जनरल म्हणायची, आत लेम.

"लेम, तू कसा होतास? गोळी लागली तेव्हा."

"घोड्यावर."

"घोडा काय करत होता?"

"दुडक्या चालीनं..."

ड्रुसिला खाटेच्या कडेला बसली. "मी त्या तंबूंत राहून आलेय, लेम. दुडकी घोड्याची होती की तुझी?"

लेमनं भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीच्या कागदावरच्या फुलांनाच सांगावं तसं तो म्हणाला, "त्या कॉफीत पाणी कुठल्या डबक्यातलं होतं, देव जाणे. सकाळपासून मी घोड्यावर कमी आणि कुंपणाआड जास्त होतो."

"मग तुकडी कोण चालवत होतं?"

"मीच. कुंपणाआडून ओरडून. हुकूम बरोबर होते, ड्रू. पूल घेतला आपण." त्याचा आवाज चिरकला. "फक्त त्या क्षणी माझी पाटलोण..."

"कुठं होती?"

"असायची तिथंच. गुडघ्यांशी."

ड्रुसिलानं ओठ घट्ट मिटले. उपयोग झाला नाही. आधी तिचे खांदे हलले, मग त्याचे, आणि हसण्यानं मांडीत कळ आली तसा तो कण्हायला लागला. कण्हताकण्हता हसत होता आणि हसताहसता रडत होता.

"एलिहूनं सगळ्या देशभर सांगितलंय, रिकिबीत उभा. आता मी काय सांगू? मरेन, पण हे सांगणार नाही."

"तेच तर होणार आहे."

त्याचं हसू गेलं. माणूस हे ऐकून शहाणा होतो की नाही, हे ड्रुसिलाला तोवर माहीत नव्हतं. लेम झाला.

"डॉक्टरला सांग," तो म्हणाला. "पण एलिहूला नाही. आणि आईला तर मुळीच नाही."

"तुझे लंगोट तिनंच धुतलेत."

"तेव्हा मी जनरल नव्हतो."

डॉक्टर ट्विचेल परसात पाइप ओढत होते. ड्रुसिलानं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

"मॅडम, असे जखमी मी पुष्कळ पाहिलेत," ते म्हणाले. "कबूल करणारा हा पहिलाच." आणि पाइप झाडून ते आत गेले.

नेमकी तेव्हाच फाटकात बग्गी थांबली आणि पक्षाची माणसं उतरली, काळे कोट, उंच टोप्या, उन्हानं लाल झालेली नाकं. एलिहू त्यांना घेऊन ओसरीवर आला. ड्रुसिला मागल्या दारानं आत धावली. ती दिवाणखान्याच्या दाराशी पोचली तर तिथं मदर पेनिमन उभ्या.

"आत काय करणार आहात?"

"मदर पेनिमन..."

"पाय वाचेल?"

"वाचेल असं वाटतं."

"मग मला काही सांगू नकोस." म्हातारीनं स्वतःची सरळ पाठीची खुर्ची ओढत आणली, बंद दाराला टेकवून ठेवली, तीत बसली आणि मोजा विणायला घेतला. त्या खुर्चीवरून तिला उठवायला पक्षाची माणसं पुरली नसती, शत्रूचा तोफखाना लागला असता.

आत त्यांनी लेमला खाटेवरून उतरवून उकिडवं धरलं. त्यानं दोन्ही हात ड्रुसिलाच्या गळ्यात टाकले, कपाळ तिच्या खांद्यावर. तापानं तो चुलीसारखा तापला होता. डॉक्टर जमिनीवर पालथे पडले, कारण दुसरा इलाज नव्हता.

"क्लोरोफॉर्म?" ड्रुसिलानं विचारलं.

"बेशुद्ध माणूस उकिडवा बसत नाही, मॅडम. जनरल, थोडं पुढे. असंच होतं?"

"थोडं आणखी खाली," लेम म्हणाला. "आणि मान वर. मी ओरडत होतो."

सळी आत गेली. गुडघ्याकडून वर, मांडीच्या लांबीनं, कुठंही न अडता ती सरकत राहिली, कुणी वाटच मोकळी करून दिल्यासारखी. डॉक्टरांनी ती बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्या टोकावर काळा ओरखडा होता.

"सापडली," ते म्हणाले, आणि त्यांनी लांब चोचीचा चिमटा उचलला.

पुढचं ड्रुसिलानं डोळे मिटून ऐकलं. लेमनं एकच आरोळी ठोकली, आणि मग तंबूंतल्या भाषेतलं एक अख्खं वाक्य.

"हुकूम देतोय!" दारापलीकडून एलिहूचा आवाज आला. पक्षाच्या एका माणसानं टोपी काढली.

तबकात खण्ण् असं वाजलं. चेपलेली गोळी, निळ्या कापडाची कुजकी चिंधी, आणि त्या चिंधीला चिकटलेलं काहीतरी वाटोळं. त्यामागून पू वाहू लागला आणि डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "आता वाहू दे. जितका वाहील तितका चांगला."

लेमला खाटेवर झोपवून चादर ओढली तेव्हा कुठं मदर पेनिमननी खुर्ची बाजूला केली. एलिहू मुसंडी मारून आत आला, तबकात हात घातला, आणि त्याचे डोळे भरून आले. खरोखरचे.

"बटण! आपलं बटण!" तो मागच्या पावली बोळात धावला. "सद्गृहस्थहो, पाहा! पेनिमनांच्या बटणानं पेनिमनांवरची गोळी अडवली! याला काचेच्या पेटीत..."

"आण इकडं," मदर पेनिमन म्हणाल्या.

त्यांनी नाकावर चष्मा चढवला. नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या तेव्हा कारखाना म्हणजे स्वयंपाकघराचं मागलं दार होतं, आणि कित्येक हिवाळे त्यांनी चुलीशी बसून बटणं निवडली होती. चष्म्याची गरज नव्हतीच. अंगठ्यानंच त्यांना कळलं होतं. त्यांनी एलिहूला कोपराला धरून दिवाणखान्यात आणलं आणि आवाज खाली आणला.

"गरुड कुठाय यावर?"

"झिजला असेल, आई."

"चार भोकं आहेत. मागं कडी नाही. हे कोटाचं नव्हे, एलिहू, हे पाटलोणीच्या कमरेचं आहे. गॅलिसचे पट्टे अडकवायचं." त्यांनी आधी बटणाकडे पाहिलं, मग चादरीतून दिसणाऱ्या पट्टीकडे. "कमरेचं बटण गुडघ्यापाशी काय करत होतं?"

एलिहू तोंड उघडून उभा राहिला. तो बढाईखोर होता, पण बटणवाल्याचा मुलगा होता. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा हिशोब त्याच्या डोक्यात हळूहळू खाली उतरताना ड्रुसिलाला स्पष्ट दिसला, आणि शेवटी तो 'दुडकी'पाशी येऊन पोचला तेव्हा एलिहूनं भिंतीचा आधार घेतला.

"मी ते वर्तमानपत्रात छापलं," तो कुजबुजला. "मोठ्या अक्षरांत."

"बँडही बसवलास," ड्रुसिलानं आठवण करून दिली.

"काय झालं? काय झालं?" ऑरेलिया दारातून डोकावली. तिच्या मागं उंच टोप्या. "कोटाचं नाही का ते?"

सगळं घर मदर पेनिमनच्या तोंडाकडे पाहत राहिलं. जन्मात खोटं न बोललेली ती बाई. लेमनं डोळे गच्च मिटून घेतले.

"कोटाचंच आहे," मदर पेनिमन खणखणीत आवाजात म्हणाल्या. "जरा धुऊन देते."

त्यांनी दार लावलं. खुंटीवरच्या जनरलच्या कोटाचं खालचं बटण कात्रीनं कापलं, गरुडवालं, तबकातल्या रक्तात ते दोन्ही बाजूंनी घोळवलं आणि एलिहूच्या तळहातावर ठेवलं. "जा. आणि फार बोलू नकोस."

चार भोकांचं बटण त्यांनी एप्रनच्या खिशात टाकलं. मग त्या खाटेपाशी गेल्या.

"लेमुएल, लहानपणापासून सांगत आलेय, हिरवी सफरचंदं खात जाऊ नकोस."

"कॉफी होती, आई."

"हं," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पांघरुणाची कड नीट खोचली. जाताना ड्रुसिलापाशी थांबल्या. "तू मला काही सांगितलं नाहीस."

"नाही, मदर पेनिमन."

"बरं केलंस. आता हे दुसरंही शिवायला आलं, कोटाचं."

लेमचा पाय राहिला. नुसता राहिला नाही, शरद ऋतूत तो काठी घेऊन चर्चपर्यंत चालू लागला, आणि तिथंच त्याची उमेदवारी बुडाली. पक्षानं शेजारच्या परगण्यातला एका पायाचा कर्नल उभा केला. गरुडाची अक्रोडी कुबडी ऑरेलियानं त्यालाच विकली, आणि तो निवडून आला.

डॉक्टर ट्विचेलनी या शस्त्रक्रियेवर वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. त्यात 'शत्रूची टेहळणी करताना घेतलेला अर्धा वाकलेला पवित्रा' असं म्हटलं होतं. ते शेवटपर्यंत तोंडाचे घट्ट राहिले. एलिहू विधिमंडळात गेला आणि तिथंच भाषण करताकरता खुर्चीत टेकला तो गेलाच. समोरच्यांना ते बराच वेळ कळलं नाही. ऑरेलियानं उशीचा अभ्रा पुरा केला. तो कशाबद्दल आहे हे तिला कुणीच कधी सांगितलं नाही, आणि पुढं तिच्या शवपेटीत डोक्याखाली तोच ठेवला.

मदर पेनिमन त्यानंतर फार हिवाळे जगल्या नाहीत. खोटं एकदाच बोलल्या, पण टाकून त्यांनी काहीच दिलं नव्हतं. लेम म्हातारा होऊन झोपेत गेला आणि ड्रुसिला त्याला शेवटचे कपडे चढवायला बसली, तेव्हा काळ्या पाटलोणीच्या कमरेला तिला ते सापडलं. चार भोकांचं, थोडं वाकलेलं, दुहेरी दोऱ्यानं टाचलेलं. सासूचा टाका ती कुठंही ओळखली असती. इतकी वर्षं प्रत्येक सभेत, प्रत्येक ध्वजवंदनाला ते त्याच्या कोटाखाली होतं. या खेपेला तिनं ते स्वतःच्या हातानं नीट लावून घेतलं.

पुतळा मग उभा राहिलाच. जनरल रिकिबीत उभे, तलवार वर, घोडा दुडक्या चालीत, आणि चौथऱ्यावर एकच शब्द कोरलेला. पडदा उघडला आणि बँडनं 'जनरल पेनिमनची दुडकी' सुरू केली. पहिल्या रांगेत लेमच्या तुकडीतले म्हातारे शिपाई सलामी देऊन उभे होते. ड्रुसिलानं त्यांच्याकडे पाहिलं. चेहरे दगडासारखे होते, पण सगळ्यांचे खांदे हलत होते.

त्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं. सगळ्या तुकडीला.

धून संपली तेव्हा एकजण लंगडत तिच्यापाशी आला. एक बाही रिकामी, उरलेल्या हातात टोपी. "बाई, राग नका धरू. त्या दिवशी ती आम्हा सगळ्यांनाच लागली होती, कॉफी एकाच पिंपातली. पण तशात गोळ्या सुटायला लागल्या, तेव्हा आम्ही सगळे पाटलोणी धरून मागं पळालो असतो. कुंपणाआडून तो एक आवाज येत राहिला म्हणून पुढं गेलो."

ड्रुसिलानं त्याचा हात हातात घेतला. मग तिनं बँडमास्तरला खूण केली: पुन्हा वाजवा.